इमारत पाहणाऱ्याचा जीव

मुंबईंत मे महिना सरत आला, कीं गिरगांव, भुलेश्वर, डोंगरी, कामाठीपुरा अशा जुन्या वस्त्यांतील जिन्यांवर एक माणूस दिसूं लागतो. हातांत वही, खिशांत मोजपट्टी, खांद्यावरच्या पिशवींत लहानशी हातोडी. तो भिंतीवर टकटक करतो, मान वर करून तुळयांकडे पाहतो, मोरीपाशीं वांकतो आणि कांहीं तरी टिपून घेतो. दारांत उभ्या असलेल्या आजीबाई त्याला एकच प्रश्न विचारतात, "साहेब, आमची इमारत हा पावसाळा काढील ना?" प्रश्न रास्त आहे. परंतु दुसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं: ज्या जिन्याविषयीं शंका आली म्हणून या माणसाला बोलावलें, त्याच जिन्यावरून तो वर कसा आला, आणि खालीं कसा जाणार?

या माणसाला कोणी सर्वेक्षक म्हणतात, कोणी सरळ 'सर्व्हेअर' म्हणतात. तो मालमत्तेचें मूल्य ठरविण्यासाठीं येतो, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज करण्यासाठीं येतो किंवा इमारतीची मजबुती तपासण्यासाठीं येतो. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणें ३० वर्षांहून जुन्या इमारतीची मजबुती तपासून घेणें बंधनकारक आहे. उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठीं १९६९ च्या कायद्यानें दुरुस्ती मंडळ निर्माण झालें. आज म्हाडाच्या अखत्यारींत असलेलें हें मंडळ दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतें. हें काम किती निकडीचें आहे, तें दोन तारखाच सांगतात. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं डॉकयार्ड रोडजवळील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसें मरण पावलीं. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडी बाजारांतील हुसैनी इमारत पडून ३३ जणांचा बळी गेला. काम निकडीचें खरें. परंतु निकड निराळी आणि घाई निराळी. पाहणी करणाऱ्याला अपघात होतो तो बहुधा घाईमुळें.

म्हणून या धंद्यांतील पहिला नियम असा, कीं इमारत आधीं बाहेरून वाचावी आणि मगच आंत पाऊल टाकावें. इमारतीभोवतीं एक फेरी घालावी. भिंतीला पोट आलें आहे काय, तडा रुंदावत चालला आहे काय, सज्जाखालीं ताजा चुरा पडला आहे काय, हें पाहावें. मग रहिवाशांना विचारावें. जें दार चार दिवसांपूर्वीं सहज लागत होतें तें आज चौकटींत अडकूं लागलें असेल, रात्रीं लाकूड कडकडल्याचा आवाज आला असेल, तर ही बातमी कोणत्याही यंत्रापेक्षां मोलाची समजावी. अशी लक्षणें एकत्र दिसलीं तर आंत जाऊं नये. माणसें बाहेर काढण्याची व्यवस्था आधीं करावी.

जुन्या मुंबईच्या पुष्कळ इमारतींत विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि कडीपाटाची जमीन अशी रचना आढळते. सागवान दणकट, पण ओल आणि वाळवी यांच्यापुढें तेंही कालांतरानें हार खातें. तुळईचें जें टोंक भिंतींत गाडलेलें असतें तेंच आधीं कुजतें, आणि तें डोळ्यांना दिसत नाहीं. मोरी आणि न्हाणीघर यांच्या लगतची जमीन सर्वांत संशयाची. वर नवी फरशी किंवा मेणकापड घातलेलें असलें, कीं खालची कूज झांकून जाते. म्हणून पाय ठेवण्यापूर्वीं हातोडीनें ठोकून पाहावें. निरोगी लाकूड खणखणीत बोलतें. पोखरलेलें लाकूड बद्द आवाज काढतें. लांकडी जिना चढतांना पायरीच्या मध्यावर भार न टाकतां भिंतीकडच्या बाजूनें चढावें, कारण तेथें पायरीला आधार असतो. एक हात मोकळा ठेवावा, मात्र कठड्यावर भिस्त ठेवूं नये. चालतां चालतां वहींत लिहूं नये आणि छायाचित्र घेण्यासाठीं मागें मागें सरकूं नये. थांबावें, पाहावें, लिहावें आणि मग पुढचें पाऊल उचलावें.

छपराची गोष्ट याहून नाजूक. गोदामांवर आणि चाळींच्या गच्चीवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतात. हे पत्रे पाऊस झेलण्यासाठीं घातलेले असतात. माणसाचा भार झेलण्यासाठीं नव्हे. उन्हानें जुना झालेला पत्रा वरून अखंड दिसतो आणि पायाखालीं एकाएकीं फुटतो. अशा छपरावर चढूं नये. शेजारच्या उंच जागेवरून किंवा खालून पाहून काम भागतें काय तें पाहावें. चढणें अटळच असेल तर आधारांवर टेकलेल्या फळ्या घालून आणि सुरक्षेचा पट्टा बांधूनच चढावें. शिडी लावतांना जुना हिशेब ध्यानांत ठेवावा: चार हात उंचीला पायथा भिंतीपासून एक हात दूर. जेथें उतरावयाचें त्या कडेच्या वर शिडी सुमारें एक मीटर निघालेली असावी. याच जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते तोडतांना, छिद्र पाडतांना उडणारी धूळ श्वासांतून फुप्फुसांत जाते आणि तिचा रोग कित्येक वर्षांनंतर प्रकट होतो. नमुना घेणें भागच असेल तर तो भाग ओला करावा आणि सूक्ष्म धूळ अडविणारी मुखपट्टी वापरावी. नाकाला बांधलेला रुमाल येथें उपयोगाचा नाहीं.

सर्वांत फसवी जागा पाण्याच्या टाकीची. रिकामी टाकी म्हणजे निरुपद्रवी टाकी, असा समज आहे. वास्तविक हवेंत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २०.९ असतें, तें १९.५ च्या खालीं गेलें, कीं ती जागा धोक्याची समजतात. बंद टाकींत लोखंड गंजतांनाही प्राणवायू खर्ची पडतो. मलकुंडांत व गटारांत हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायु साठतो. तो थोडा असतांना कुजक्या अंड्याचा वास येतो, परंतु प्रमाण वाढलें, कीं नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मारली जाते. वास येत नाहीं म्हणून निर्धास्त राहणें म्हणूनच घातक. आंत उतरलेला एक बेशुद्ध पडला, कीं त्याला काढण्यासाठीं दुसरा धांवतो, त्याच्यामागून तिसरा; आणि एकाच्या जागीं तिघे जातात. म्हणून यंत्रानें हवा तपासल्याशिवाय, बाहेर पहारा आणि दोर यांची योजना असल्याशिवाय अशा जागीं डोकावण्यापलीकडे कांहीं करूं नये.

ओल आलेल्या भिंतीवरच्या जुन्या विजेच्या तारांपाशीं लोखंडी मोजपट्टी नेऊं नये. साचलेल्या पाण्यांतून जातांना रबरी बूट घालावे आणि पायाला जखम असेल तर तें पाणी टाळावें. उंदरांच्या मुत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. एकट्यानें रिकाम्या इमारतींत जाऊं नये. जाणेंच पडलें तर कोठें जातों आणि किती वाजतां परततों हें कचेरींत सांगून जावें, आणि ठरल्या वेळीं निरोप आला नाहीं तर कचेरीनें शोध घ्यावा. पायांत खिळा न शिरणारे बूट आणि डोक्यावर शिरस्त्राण हा मालकानें द्यावयाचा सरंजाम आहे, नोकराची हौस नव्हे.

इतकी काळजी घेऊनही एखादी खोली अशी निघते, कीं तेथें शिरणें शहाणपणाचें नसतें. तेथें खरी परीक्षा होते. अहवाल संध्याकाळीं हवा असतो, मालक घाई करतो, आणि एवढ्याशा खोलीसाठीं परत फिरणें सर्वेक्षकाला लाजिरवाणें वाटतें. अशा वेळीं दोन वाटा मोहांत पाडतात: जीव धोक्यांत घालून आंत जाणें, किंवा न पाहतांच पाहिल्यासारखें लिहिणें. पहिल्या वाटेंत त्याचा जीव जातो; दुसऱ्या वाटेंत कदाचित् त्या घरांत निजणाऱ्यांचा. तिसरी वाट प्रामाणिक आहे. 'अमुक भाग असुरक्षित असल्यामुळें पाहतां आला नाहीं; आधार देऊन पुन्हां पाहणी करावी,' एवढें एक वाक्य अहवालांत लिहावें. त्या वाक्यानें सर्वेक्षकाची अब्रू जात नाहीं; उलट बाकीच्या अहवालावरचा विश्वास वाढतो.

यांत गृहस्थाचाही वांटा आहे. घर जाईल या भीतीनें पुष्कळ रहिवासी तडे झांकतात, कुजलेल्या पाटावर चटई पसरतात, पाहणीस आलेल्या माणसाकडे वैऱ्यासारखें पाहतात. ती भीति समजण्यासारखी आहे; पण त्या चटईखालीं पहिला पाय पाहुण्याचा पडला, तर दुसरा घरांतल्या मुलाचा पडणार. म्हणून तो दारीं आला, कीं कुत्रें बांधावें, माळ्यावर दिवा लावावा, हलणारी पायरी आधींच दाखवावी आणि लपविण्यासारखें कांहीं असलें तर तेंच प्रथम सांगावें. आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर खरें मिळावयाचें असेल, तर तें देणारा माणूस धडधाकट खालीं उतरला पाहिजे.