खुबा जोडला, हृदयाचे काय?



नागावच्या नारळी-पोफळीत आपण अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांनी ही परिषद भरवली आहे. आपल्या वॉर्डात येणारी कितीतरी माणसे याच वाड्यांमधून येतात. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते, आजींचा पाय सरकतो आणि खुबा मोडतो. आपण गोळा बदलतो किंवा रॉड टाकतो. आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या, एक्स-रे चांगला आला की आपले काम झाले असे आपल्याला वाटते. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या तीस दिवसांबद्दल.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. पी. जे. देव्हरो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘व्हिजन’ या अभ्यासात भारतातली रुग्णालयेही होती. हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया झालेल्या, पंचेचाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या २१,८४२ रुग्णांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूच्या इजेची खूण, नेमाने तपासले, तेव्हा सुमारे १८ टक्के रुग्णांच्या हृदयस्नायूला इजा झालेली आढळली. त्यातल्या ९३ टक्के रुग्णांना छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीच जाणवले नव्हते. वेदनाशामकांच्या आणि पाठीतून दिलेल्या भुलीच्या अमलाखाली आजींची छाती दुखली तरी त्यांना ते कळणार कसे? ‘आजी, कसं वाटतंय?’ एवढे विचारून आपण पुढच्या खाटेकडे वळतो, तेव्हा ही इजा आपल्या हातून निसटते.

या इजेचे मूळ समजून घ्यायला लांब जायला नको. याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी रात्री काढल्या. विषामुळे कॅटेकोलामाइनांचा लोंढा उसळतो आणि त्यात हृदय कोलमडते, हे ओळखून त्यांनी प्राझोसिन वापरले. त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुबा मोडलेल्या माणसात विष नसते, पण वेदना, रक्तस्राव आणि भीती यांमुळे तीच द्रव्ये वाढतात. नाडी धावते, हिमोग्लोबिन उतरते, रक्तदाब कधी चढतो तर कधी सिमेंट भरताना एकदम कोसळतो. आधीच अरुंद झालेल्या धमन्यांतून हृदयाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. कुणाच्या धमनीत गुठळीही होते. बावस्करांकडून मी घेतो ती त्यांची पद्धत. मोठ्या यंत्राची वाट न पाहता ते रुग्णाकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

तपासणीचे म्हणाल, तर युरोपियन हृदयरोग संघटनेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे जोखमीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर २४ व ४८ तासांनी ट्रोपोनिन पाहायला सांगतात. आधीचा आकडा हवाच. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन मुळातच वाढलेले असते, आणि तुलनेला काही नसेल तर नंतरचा आकडा नुसता घबराट पसरवतो. एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी शस्त्रक्रियेआधी केली तर धोका कुणाला जास्त, याचा अंदाज येतो.

पण एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. आकडा वाढलेला दिसला की ‘फिटनेस मिळाला नाही’ म्हणून आजींना खाटेवर खिळवून ठेवायचे, किंवा टू-डी इकोसाठी मांडव्याहून बोटीने मुंबईला धाडायचे. सतरा देशांतल्या, खुबा मोडलेल्या २,९७० रुग्णांवरच्या ‘हिप अटॅक’ चाचणीत लवकर शस्त्रक्रियेने एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मात्र ज्यांचे ट्रोपोनिन दाखल होतानाच वाढलेले होते, त्यांच्या वेगळ्या विश्लेषणात लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यू सुमारे १० टक्के, तर नेहमीच्या वेगाने झालेल्या गटात सुमारे २३ टक्के होते. तो गट लहान होता, तेव्हा या आकड्यांना अखेरचा शब्द मानू नये. तरीही वाढलेले ट्रोपोनिन हे शस्त्रक्रिया लांबवण्याचे कारण ठरवताना यापुढे आपला हात थबकायला हवा.

उपचारातही घाई नडते. हृदयाच्या रक्षणासाठी ऐन शस्त्रक्रियेच्या दिवशी बीटा-ब्लॉकरचा मोठा डोस सुरू केला, तर हार्ट अटॅक घटतात पण पक्षाघात आणि मृत्यू वाढतात, हे २००८च्या ‘पॉइझ’ चाचणीने दाखवले. ट्रोपोनिन वाढल्यावर आधी रक्त, प्राणवायू, नाडी, रक्तदाब सुधारा, ईसीजी काढा, फिजिशियनला त्याच रात्री फोन करा. रक्तस्रावाचा धोका तोलून अॅस्पिरिन आणि स्टॅटिनचा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन या तिघांनी मिळून घ्यावा.

हा फोन कोण करणार, हे आज ठरलेले नाही. रिपोर्ट रात्री येतो, सकाळच्या राउंडपर्यंत फाइलमध्ये पडून राहतो. म्हणून उद्याच्या सत्रात प्रत्येक रुग्णालयाने त्यासाठी एका व्यक्तीचे नाव लिहून द्यावे, अशी माझी मागणी आहे. दुसरी मागणी डिस्चार्ज कार्डाची. चौल-रेवदंड्याच्या घरी परतलेल्या आजींच्या कार्डावर रॉडची लांबी असते, टाके कधी काढायचे ते असते. त्याखाली मराठीत लिहा: ‘शस्त्रक्रियेनंतर हृदयाला इजा झाली आहे, गोळ्या बंद करू नका, अमुक तारखेला फिजिशियनला दाखवा.’ तो कागद गावातल्या डॉक्टरांच्या टेबलावर जाणार आहे.