पहिली सफारी: मारा, सेरेंगेटी की क्रूगर?

आफ्रिकेत पहिल्यांदाच वन्यप्राणी पाहायला निघालात, तर उद्यान ठरवण्याआधी महिना ठरवा.

केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी हा एकच सलग गवताळ प्रदेश आहे. मध्ये फक्त देशांची सीमा. विल्डबीस्टचे प्रचंड कळप पावसामागून, कोवळ्या गवतामागून वर्षभर इथे फिरत असतात. साधारण जुलै अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत ते मारात असतात, आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. फेब्रुवारीत मात्र ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला सापडतील. तेव्हा तिथे पिल्लं जन्मत असतात, आणि सिंह, चित्ते, तरस त्यांच्या मागावर असतात. माझ्या मते नदीच्या थरारापेक्षा हा काळ अधिक पाहण्यासारखा. जवळच न्गोरोंगोरोचं विवर आहे. तिथे काळा गेंडा दिसू शकतो, पण विवराच्या तळाशी जिराफ नसतात.

स्वतः गाडी चालवायची असेल, तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. डांबरी रस्ते, उद्यानातच मुक्काम, आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. झुडपं विरळ होतात, प्राणी पाणवठ्यावर येतात. तिथे मलेरियाचा धोका असतो. लहान मुलं बरोबर असतील, तर मलेरियामुक्त पिलानेसबर्ग निवडा.

केनियाला जाणार असाल, तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या. तिचं प्रमाणपत्र नसेल, तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं.