हुकूम हातात आला, पुढे काय?

(संस्थेच्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



एक भगिनी माझ्याकडे आल्या. दोन लेकरांच्या पोटगीचा हुकूम त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. पंधरा महिने झाले, एक रुपयाही मिळाला नव्हता. मी विचारले, "बाई, वसुलीचा अर्ज केला का?" त्या म्हणाल्या, "साहेब, कोर्टानं सांगितलंय म्हटल्यावर देईलच की कधीतरी!" या भरवशापायी पहिल्या तीन महिन्यांच्या रकमेसाठी वॉरंटचा मार्ग बंद झाला होता. तेवढ्या पैशांत लेकरांची फी भरली गेली असती. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पोटगीचे जुने कलम १२५ आपल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. पूर्वी दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली उठली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे.

आता वसुली. रक्कम थकली की एक वर्षाच्या आत अर्ज केलाच पाहिजे. मग दंडाधिकारी दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट काढू शकतात. तरीही रक्कम राहिली, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे. नवरा दुसऱ्या गावी गेला, तरी तो जिथे सापडेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून अंमलबजावणी करून घेता येते. हुकमाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. ती मागून घ्या.

हुकूम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मूल वरच्या वर्गात गेले, आजारपण आले, बापाचा पगार वाढला, तर कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते. बापाची नोकरी खरोखर गेली, तर त्यालाही कमी करून मागण्याचा हक्क आहे. पण त्याने अर्ज करावा. परस्पर पैसे बंद करू नयेत. हुकूम बदलेपर्यंत तो पाळावाच लागतो.

मुलांच्या ताब्याचेही तसेच. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहेत. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे कायदा म्हणतो. पण सर्वात वर मुलाचे हित. परिस्थिती बदलली, तर ताब्याचा हुकूमही बदलता येतो. हुकूम मोडून मूल पळवणाऱ्याविरुद्ध त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा. मूल ओढून आणायला नातेवाईक घेऊन जाऊ नये.

इथे दोन्ही बाजूंना सांगतो. "पैसे देत नाही, म्हणून मूल दाखवणार नाही," असे आईने म्हणू नये. "मूल दाखवत नाही, म्हणून पैसे देणार नाही," असे बापाने म्हणू नये. पोटगी हा मुलाचा घास आहे आणि भेट हाही मुलाचाच हक्क आहे. आपल्या भांडणात दोन्हीकडून तेच उपाशी राहते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया व मुलांना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या वस्तीत ज्या बाईकडे असा हुकूम पडून असेल, तिला एक वही आणून द्या. कोणत्या महिन्याचे किती आले, किती राहिले, तारखेसह लिहायला मदत करा. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले. स्त्रीच्या हक्कासाठी त्यांनी एवढे केले, तर आपण एक वही नक्कीच लिहू शकतो.

त्या भगिनींनी उरलेल्या बारा महिन्यांसाठी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. तुम्ही मात्र पंधरा महिने थांबू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!