अनुदानाच्या याद्या : कोणाच्या उघड, कोणाच्या झाकलेल्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणावरून)



शेतीच्या नावाने सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत क्वचितच विचारला गेला. वाद व्हायचा तो एकूण रकमेवर. घेणाऱ्यांची यादी कोणी मागत नसे.

इंग्लंडात ती २००५ साली मागितली गेली. माहितीच्या हक्काचा कायदा त्या जानेवारीत अमलात आला आणि मार्चमध्ये सरकारला नावे जाहीर करावी लागली. छोट्या शेतकऱ्याची ढाल पुढे करून चाललेल्या त्या योजनेच्या यादीत राणीची इस्टेट निघाली, बडे उमराव निघाले आणि टेट अँड लाईल ही साखर कंपनीही निघाली! पुढे नावे प्रसिद्ध करणे साऱ्या युरोपीय संघात बंधनकारक झाले. जर्मनीतील शेतकरी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. रकमेचा लहानमोठेपणा न पाहता प्रत्येक व्यक्तीचे नाव सरसकट छापणे गैर आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० साली दिला. कंपन्यांना मात्र ते कवच मिळाले नाही. मग २०१३ च्या नियमाने तोड काढली : साधारणतः वर्षाला १,२५० युरोपर्यंत घेणाऱ्याचे नाव झाकावे, त्याहून अधिक घेणाऱ्याचे उघड करावे.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. 'पीएम-किसान'चे वर्षाला ६,००० रुपये घेणाऱ्याचे नाव गाववार यादीत कोणालाही पाहता येते. ते असू नये असे मी म्हणत नाही. २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे २०२१ च्या जानेवारीत बाहेर आले, तेही माहितीच्या अधिकाराखालील अर्जामुळेच; त्यांत निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. परंतु त्या यादीत वाट्याने किंवा खंडाने कसणारा दिसत नाही, शेतमजूर दिसत नाही आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्रीही दिसत नाही. कारण पैसा जमिनीच्या मालकीला मिळतो, घामाला नव्हे.

आता खताकडे पाहा. २०२२-२३ साली खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले, म्हणजे पीएम-किसानच्या सुमारे चौपट. ते कंपन्यांच्या खात्यात जमा होते. २०१८ पासून दुकानातील यंत्रावर खरेदीदाराची ओळख नोंदवून पोते विकले जाते. म्हणजे कोणी किती पोती उचलली, याची नोंद सरकारदरबारी आहे. पण शंभर एकरवाल्याच्या वाट्याला त्यातले किती आले आणि दोन एकरवाल्याच्या किती, याचा तक्ता तालुक्याच्या फलकावर लागलेला मी तरी पाहिलेला नाही. (कमाल जमीनधारणेचा कायदा असूनही शंभर एकरवाले आहेत, हे आपण जाणताच.)

२००५ च्या आपल्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अनुदानाच्या रकमा व लाभार्थींचा तपशील कोणी न मागता जाहीर करावयास सांगते. विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने आठव्या कलमातील खाजगी माहितीच्या अपवादावरील मर्यादा काढून टाकल्या. आता छोट्याच्या खाजगीपणाचे नाव सांगून मोठ्याची रक्कम झाकली जाण्याचा धोका आहे. चौथे कलम मात्र जागेवर आहे. तेव्हा आपापल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात त्याच आधारे अर्ज द्या. ठिबक संचाचे व ट्रॅक्टरचे अनुदान कोणी, किती आणि कितीदा घेतले, हे धारणक्षेत्रासह मागा. नकार आला तर तो लेखी घ्या.