सकाळचा सव्वाआठचा लाउडस्पीकर

नेहमीप्रमाणे ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहूनही देतोय.

आज एका सोळा वर्षांच्या पोराची गोष्ट.

साल 1956. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य, तिथली अ‍ॅबिंग्टन नावाच्या गावातली सरकारी हायस्कूल. राज्याचा कायदाच होता की रोज शाळा सुरू होताना बायबलमधली किमान दहा वचनं वाचायची. या शाळेत सव्वाआठ ते साडेआठच्या मध्ये विद्यार्थीच लाउडस्पीकरवरून वचनं वाचायचे. मग वर्गावर्गात सगळे उभे राहून ख्रिस्ती प्रार्थना म्हणायचे, मग झेंड्याला सलामी, मग आजच्या सूचना. आपल्या परिपाठासारखंच की!

एलरी शेंप नावाचा मुलगा. घरचे युनिटेरियन पंथाचे. म्हणजे चर्चला जाणारी माणसं, नास्तिक नव्हेत. पण बायबलचा शब्द न् शब्द अक्षरशः खरा मानायचा, हे त्यांना पटत नव्हतं. एलरीला वाटायचं, सरकारी शाळेत सगळ्यांकडून एकाच धर्माची प्रार्थना म्हणवून घेणं चूक आहे. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी त्यानं काय केलं? सोबत कुराणाची प्रत नेली, वाचन चालू असताना ती मनातल्या मनात वाचत बसला, आणि प्रार्थनेला उभा राहिला नाही. ना घोषणा, ना भांडण. मास्तरांनी त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवलं.

त्यानं नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनला पत्र लिहिलं, सोबत 10 डॉलर जोडले. घरचे पाठीशी उभे राहिले आणि केस सुरू झाली.

आता खरी गंमत ऐका. केस चालू असतानाच राज्यानं कायद्यात पळवाट ठेवली: पालकांनी चिठ्ठी दिली तर मूल वाचनाच्या वेळी बाहेर थांबू शकतं. मला पहिल्यांदा वाचताना वाटलं, झालं की मग! प्रश्न मिटला. पण एलरीच्या वडिलांनी ही सवलत घेतली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरं रोज वर्गाबाहेर उभी राहिली तर बाकीचे त्यांना विचित्र समजणार. वर्गाबाहेर उभं राहणं म्हणजे शिक्षा, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. वर सूचना चुकणार त्या वेगळ्याच.

17 जून 1963 ला सुप्रीम कोर्टानं 8 विरुद्ध 1 असा निकाल दिला: सरकारी शाळेत असं बायबलवाचन आणि प्रार्थना घटनेत बसत नाही. तोवर एलरी शाळेतून पास होऊन गेला होता, केस त्याच्या धाकट्या भावंडांच्या, रॉजर आणि डोनाच्या नावावर चालू होती. कोर्टानं हेही सांगितलं की साहित्य म्हणून, इतिहास म्हणून बायबल खुशाल शिकवा. बंदी पुस्तकावर नव्हती.

विरोधात मत देणारे न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांचा मुद्दाही विचार करण्यासारखा आहे. ज्यांना शाळेत प्रार्थना करायची आहे, त्यांच्या स्वातंत्र्याचं काय? धर्म पूर्ण बाहेर ठेवणं म्हणजे सरकारनं धर्म नसण्याची बाजू घेणं नाही का? हा वाद तिकडे आजही चालू आहे.

माझं मत सांगतो. शाळेत नीतिमूल्यं हवीतच. पण येशूनंच शिकवलंय की लोकांना दाखवायला प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून करा. मग सव्वाआठच्या लाउडस्पीकरवरून नीती येते की फक्त सवय?

हे मी एवढं मनावर का घेतलं, तेही सांगतो. शाळेत परिपाठाला प्रार्थना सांगायला मी असायचो. आवाज मोठा ना! वर्गात एक ख्रिश्चन मुलगा होता. तो हात न जोडता, खाली बघत गप्प उभा राहायचा. मी एकदा मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून तो हात जोडायला लागला. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो. एलरीच्या वडिलांचं म्हणणं वाचलं आणि तो मुलगा आठवला. कायदा त्याच्या बाजूनं होता, पण मधल्या सुट्टीत कायदा नव्हता, मी होतो.

हो, कायदा खरंच त्याच्या बाजूनं होता. आपल्या घटनेचं कलम 28 बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत, मग ती कुठल्याही धर्माच्या संस्थेची असो, पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. 1986 मध्ये केरळच्या तीन ख्रिस्ती भावंडांना आपल्या सुप्रीम कोर्टानं शाळेत परत घ्यायला लावलं. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढून टाकलं होतं.

एलरी पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला. त्याच्या मुख्याध्यापकांनी कॉलेजला कळवलं होतं की याला घेऊ नका, तरी टफ्ट्स विद्यापीठानं घेतलं.

आणि माझा तो वर्गमित्र? शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. माफीचा मेसेज दोनदा टाइप करून खोडला होता. हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी पाठवलाय. अजून निळ्या टिका आल्या नाहीत.

तुमच्या वर्गात असं गप्प उभं राहणारं कोण होतं? का तुम्हीच होतात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला.