शेवटच्या गाडीवरून
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तू एवढ्या ग्रुप राइड केल्यास, त्याबद्दल थोडं बोल,' असं संयोजकांनी मला सांगितलं. कारण सगळ्यांना ठाऊकच आहे. उद्या सकाळी आपल्या बॅचच्या ३१ गाड्या शाळेपासून निघून कामशेत, पवनानगर, दुधिवरे खिंड करत लोणावळ्याला जाणार आहेत. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर त्याबद्दल दोनच चर्चा चालू आहेत : नाश्त्याला मिसळ की वडापाव, आणि सगळ्यांनी काळे टी-शर्ट घालायचे का. काळे नकोत. का ते पुढे सांगते.

आपण शाळेत होतो तेव्हा मोटरसायकल म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली राजदूत. मुलींच्या वाट्याला आलीच तर लूना. मग द्रुतगती मार्ग झाला, २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, आणि त्यावर दुचाकींना बंदी. त्यामुळे जुना हायवे बाइकवाल्यांचा झाला. आता रविवारी पहाटे वडगाव ते लोणावळा या पट्ट्यात गाड्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. २०११ मध्ये पुण्यात 'बाइकर्नी' हा बायकांचा मोटरसायकल ग्रुप सुरू झाला. गोव्यात २०१३ मध्ये सुरू झालेला 'इंडिया बाइक वीक' २०२१ च्या डिसेंबरात थेट आपल्या अॅम्बी व्हॅलीत भरला. गिरगावात पाडव्याला नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो तर तुम्ही दरवर्षी फॉरवर्ड करता. मी स्वतः गिअरची गाडी शिकले पस्तिशीत. आमच्या घरी तेव्हा काय बोलणं झालं ते इथे बाईंसमोर सांगत नाही.

मजा येते, हे आधी कबूल करू. एकटी चालवताना डोक्यात उद्याची मीटिंग असते. वीस-पंचवीस इंजिनांच्या मधोमध असलं की ती जाते. पुढे दिव्यांची ओळ, आरशात दिव्यांची ओळ, आणि आपण त्यातला एक मणी. भीती कमी होते. एरवी ज्या वळणावर आपण दोन वेळा विचार केला असता, तिथे विचार न करता जातो, कारण पुढचा गेलेला असतो. आणि मला जे बोलायचंय ते नेमकं यावरच आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी एका ग्रुपबरोबर निघाले होते. ग्रुपचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. २४ गाड्या. माझी बाविसावी. दुधिवरे खिंडीच्या अलीकडे, पवनेच्या बाजूला, पुढच्या दोघांनी एका टेम्पोला ओलांडलं. माझ्यापुढचा मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, त्यांच्या मागोमाग गेला. लावणीचे दिवस होते. खाचरातून ट्रॅक्टर वर रस्त्यावर आलेला, त्याच्या चाकांनी डांबरावर चिखलाचे पट्टे ओढलेले. मावळात वाढलेल्या कुणाच्याही नजरेला जुलैत असा चिखल आधी दिसतो, मग रस्ता. त्या मुलाला दिसला नाही. गाडी एकीकडे, तो एकीकडे.

आम्ही मागचे तिघं थांबलो. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कोपर सोललं होतं, पण शुद्धीवर होता. मी त्याच्याशी बोलत राहिले. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता : 'ताई, मी पुढच्याचा लाल दिवा बघत होतो.' फोनला रेंज नाही. लावणी करणाऱ्या बायका खाचरातून वर आल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, हात कोपरापर्यंत चिखलाचे. एकीने पाणी आणलं, दुसरीने टेम्पोवाल्याला हाक मारून परत बोलावलं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने मला विचारलं, 'आत्ता येवढी पलटण गेली की गं इथनं. बाकीचे कुठं गेले?'

मला उत्तर देता आलं नाही. बाकीचे लोणावळ्यात चहा पीत होते. त्यांनी २४ चहा सांगितले, चार उरले, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं. तोवर आम्ही त्याला टेम्पोतून दवाखान्यात नेलं होतं.

त्यांच्यात कोणी वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. नंतर सगळे दवाखान्यात आले, पैसे उभे केले, त्याची गाडी दुरुस्त करून दिली. हाड जुळलं, तो पुन्हा गाडी चालवतो. पण प्रत्येकाला वाटत होतं की मागचं बघायला मागे कुणीतरी असेल.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे त्या रात्री वही घेऊन हिशेब केला. भूमितीच्या बाईंना बरं वाटेल. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. गाड्या एकाआड एक, डावी-उजवी अशा तिरक्या ओळीत ठेवल्या आणि तिरप्या शेजाऱ्यापासून एकच सेकंद अंतर धरलं, तरी ३१ गाड्यांची रांग अर्धा किलोमीटर होते. घाटात तर एकेरी रांग हवी. म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यावर पहिल्याला शेवटचा दिसणं शक्यच नाही. आता एक गतिरोधक घ्या. तो ओलांडायला प्रत्येकाला दोन सेकंद धरा. शेवटचा निघेपर्यंत मिनिट झालं. पहिल्याने तेवढ्यात पुन्हा ६० चा वेग धरला असेल, तर तो एक किलोमीटर पुढे आहे. मागच्याने काय करायचं? पळवायची. पहिला आरामात ६० ने चाललाय, शेवटचा ८५-९० वर, आणि बहुतेक वेळा शेवटी ठेवलेला माणूस सगळ्यात नवखा असतो!

जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी, सगळ्यांना सारख्या वेगाने चालायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, काही नाही. थोड्या वेळात आपोआप कोंडी झाली आणि ती लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. पुढच्याने जरासा ब्रेक दाबला की त्याच्या मागचा जरा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. त्यात आपल्या काही गाड्यांना एबीएस आहे, जुन्या बुलेटना नाही. सगळ्या सारख्या अंतरात थांबणार नाहीत.

हे आपल्याला जपानकडून शिकायची गरज आहे असंही नाही. देहू आपल्या शेजारी. आपल्यातले बरेच जण वारीला जाऊन आलेत. दिंडीत पताकावाले पुढे असतात, मग टाळकरी, वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. पताका पुढे आहे म्हणून पळत सुटत नाही. चाल सगळ्यांची असते.

त्या जुलैनंतर मी ज्या ज्या ग्रुपबरोबर गेले, तिथे एकच नियम मागितला. आरशात आपल्या मागचा दिवा दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. तरी नाही दिसला, तर बाजूला सुरक्षित जागा बघून थांबायचं. मग आपल्या पुढच्याला आपला दिवा दिसेनासा होतो, तोही थांबतो. असं करत निरोप फोनशिवाय, रेंजशिवाय, पहिल्या गाडीपर्यंत पोचतो. फाट्यावर वळताना मागचा वळलेला दिसेपर्यंत तिथेच उभं राहायचं. बास. ओव्हरटेक मात्र प्रत्येकाने स्वतःचा रस्ता स्वतः बघून करायचा. पुढचा गेला तेव्हा समोरचा रस्ता मोकळा होता, याचा तुमच्याशी काही संबंध नाही. मागे राहिलात तर राहिलात, आम्ही थांबलेले असू.

तर उद्याचं. सहा-सहाच्या पाच तुकड्या, दोन तुकड्यांत मोटारींना शिरायला जागा राहील एवढं अंतर. ज्यांनी वीस वर्षांत गाडी चालवलेली नाही, ते मागे नाहीत; ते लीडच्या लगेच मागे. वेग त्यांचा, आणि बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. गतिरोधकानंतर लीडने मिनिटभर चाळिशीच्या वर जायचं नाही. पवनेच्या काठाला सकाळी धुकं असतं, म्हणून काळे टी-शर्ट नकोत, हेडलाइट चालू. भातं निघाली आहेत, रस्त्यावर पेंढा पडलेला असेल. कोरडा पेंढाही चाकाखाली घसरतो. पवनानगरच्या पेठेतून हॉर्न आणि रेस, दोन्ही नाही. तिथे आपल्याच वर्गातल्या तिघांची घरं आहेत आणि त्यांच्या घरची म्हातारी माणसं झोपलेली असतील.

एकतिसावी गाडी माझी. पिवळं जॅकेट, मागे प्रथमोपचाराची पेटी, पंक्चरचं सामान आणि दोरी. कोणाची गाडी बंद पडली तर घाबरून ढकलत बसू नका, मी येतेच आहे.

आणि भूगोलाच्या सरांनी डबलसीट यायचं म्हटलंय. सर, हेल्मेट मी जास्तीचं आणलंय. टोपी मात्र काढावी लागेल.