‘हे तुला कसं कळलं?’



सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. आठवीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हुंड्याविरुद्ध बोललो. भाषण सरांनी लिहून दिलं होतं. आवाज कुठे चढवायचा, हात कधी वर करायचा, हेही त्यांनीच शिकवलं होतं. भरपूर टाळ्या पडल्या. मग परीक्षक बाईंनी विचारलं, “बाळ, तुमच्या घरी कुणाच्या लग्नात हुंडा घेतला का रे?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोनच महिन्यांपूर्वी भाईजानच्या लग्नात सासरकडून मोटरसायकल आली होती. तोही हुंडाच, हे सात मिनिटं बोलताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पहिलं बक्षीस मात्र मलाच मिळालं.

तो चषक अजून माझ्याकडे आहे. दर रविवारी मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींचा भाषणाचा वर्ग घेतो, तेव्हा त्यात चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीत जी बाजू येईल ती मांडायची, मग ती आपल्याला पटो वा न पटो. पाठांतराला बंदी, कागदावर फक्त तीन मुद्दे. कुठलंही विधान केलं की समोरचा विचारणार, “हे तुला कसं कळलं?” ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलं’ आणि ‘सगळेच म्हणतात’ ही दोन उत्तरं चालत नाहीत. आणि शेवटचा नियम सगळ्यात अवघड : दुसऱ्याचा मुद्दा खोडायच्या आधी तो आपल्या शब्दांत सांगायचा. “हो, मला हेच म्हणायचं होतं,” असं तो म्हणाला, तरच पुढे जायचं.

एका रविवारी विषय होता, ‘बारावीनंतर मुलींनी शिकायला बाहेरगावी राहावं का?’ एका मुलीला चिठ्ठी आली, ‘राहू नये’. ती रडवेली झाली. घरी याच गोष्टीवरून तिचं आणि अब्बांचं भांडण सुरू होतं. “सर, चिठ्ठी बदलून द्या,” म्हणाली. मी नाही दिली. त्या वेळी मलाही वाटलं, आपण फार कठोर वागतोय का?

मुद्दे हवेत म्हणून ती अब्बांजवळ जाऊन बसली. आजवर ती त्यांना उत्तरं देत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने प्रश्न विचारले. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण तिला माहीत होतंच. पण त्याच्या खाली दुसरी कारणं निघाली. वसतिगृहाची फी कुठून आणायची हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. रात्री मुलगी आजारी पडली तर तिकडे पोचायला एसटी नाही, याची भीती होती.

पुढच्या रविवारी अब्बा मागच्या बाकावर येऊन बसले. मुलीने त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा चांगली मांडली. मग एका मुलाने ती बाजू नीट सांगून दाखवली आणि एकेक मुद्दा घेतला : फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, भीती खरी आहे, पण ती मुलालाही लागू आहे, मग मुलालाच का पाठवता? अब्बा काही बोलले नाहीत.

मुलगी त्या वर्षी बाहेरगावी गेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ती तालुक्याच्या कॉलेजला एसटीने जाते-येते. पण शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला अब्बा स्वतः आले. घरातला बंद झालेला विषय पुन्हा उघडला.

आपल्याला नेहमी सांगितलं जातं, मतभेद चव्हाट्यावर आणू नका, समाज एक दिसला पाहिजे. संविधान सभेत काय झालं ते बघा. ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे बी. पोकर यांनी मुस्लिमांसाठी विभक्त मतदारसंघ मागितले. सभेने ती मागणी फेटाळली. मे १९४९ मध्ये राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हा मद्रासचेच मुहम्मद इस्माईल एका बाजूला होते आणि संविधान सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला बेगम ऐझाज रसूल दुसऱ्या बाजूला. राखीव जागांमुळे अल्पसंख्य समाज कायमचा वेगळा पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघंही मुस्लिम लीगच्या राजकारणातून आलेले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, तरी दोघांनी भर सभागृहात एकमेकांविरुद्ध कारणं मांडली. कोण बरोबर होतं, यावर आजही वाद घालता येईल. जरूर घाला. ती भाषणं छापलेली आहेत. वाचा, आणि दोन्ही बाजूंनी बोलून बघा.

ज्याला फक्त बोलायला शिकवलं, तो उद्या कुणाचंही भाषण पाठ करेल. मौलानांचं, पुढाऱ्याचं, नाहीतर माझंही. म्हणून आता माझं भाषण थांबवतो. मी आत्ता जे जे बोललो, त्यातलं एक तरी विधान पकडा आणि मला विचारा, “सर, हे तुम्हाला कसं कळलं?”